हिवाळ्यातला लाकडाचा धूर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

थंडीची चाहूल लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. गेल्या महिन्यातील बरीच पत्रे लाकूड जाळल्याने होणाऱ्या धुराविषयी होती. काही पत्रे धुराने त्रासलेल्यांची होती, तर काही ज्यांच्या घरी लाकडावाचून ऊब मिळण्याची दुसरी सोय नाही अशांची होती. ही माणसे बहुतेक वेळा एकाच गल्लीत राहतात, म्हणून दोन्ही बाजूंचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : लाकूड तर वर्षभर जाळले जाते, मग धुराचा त्रास हिवाळ्यातच एवढा का जाणवतो? संध्याकाळी धुराड्यातून निघालेला धूर थोडासा वर जातो आणि छपरांच्या उंचीवर चादरीसारखा आडवा पसरतो, हे मी रोज पाहतो.

उत्तर : आपण जे पाहता त्यातच या प्रश्नाचे मर्म आहे. एरवी जमिनीलगतची हवा उबदार आणि वरची हवा थंड असते. उबदार हवा हलकी असल्यामुळे वर चढते आणि धुरालाही आपल्याबरोबर घेऊन जाते. निरभ्र आकाशाच्या, वारा पडलेल्या थंड रात्री मात्र जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते, तिला लागून असलेली हवा गार होऊन जड होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर येऊन बसतो. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. खालची जड हवा वर जाऊ शकत नाही, त्यामुळे तिच्यात सोडलेला धूरही खालीच अडकतो. आपल्याला दिसणारी ती आडवी चादर म्हणजे या झाकणाची खालची बाजू होय.

हे झाकण किती खाली आले आहे, यावर सारे अवलंबून असते. दुपारी ऊन असताना धूर मिसळण्यासाठी हजार मीटर किंवा त्याहून अधिक उंचीपर्यंतची हवा उपलब्ध असू शकते. शांत थंड रात्री ही उंची शंभर मीटरच्याही खाली येते. हजार मीटर उंचीच्या हवेत जेवढा धूर विरून गेला असता, तेवढाच धूर पन्नास मीटरांत कोंडला तर त्याची दाटी वीसपट होते. दरीत किंवा चहूबाजूंनी टेकड्या असलेल्या वस्तीत थंड हवा उतारावरून खाली येऊन साचते, म्हणून तिथे स्थिती आणखी बिघडते. त्यातच लोक घर उबदार करण्यासाठी विस्तव पेटवतात तो नेमका संध्याकाळी आणि पहाटे, म्हणजे झाकण सर्वांत खाली असताना. तेव्हा आपण किती लाकूड जाळतो याच्याइतकेच ते कोणत्या वेळी आणि कोणत्या हवेत जाळतो यालाही महत्त्व आहे, आणि पुढच्या बहुतेक उत्तरांत हाच मुद्दा पुन्हा येणार आहे.

प्रश्न : लाकडाचा धूर नैसर्गिक आहे. पूर्वीची माणसे जन्मभर धुरात वावरली आणि तरी ठणठणीत राहिली. गाड्या आणि कारखाने सोडून लाकडाच्या मागे लागणे कितपत योग्य आहे?

उत्तर : तंबाखूचे पानही नैसर्गिकच असते, ते पेटवून त्याचा धूर आत ओढला की काय होते हे आता कोणाला सांगावे लागत नाही. लाकडाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन, फॉर्माल्डिहाइड आणि बेंझोपायरीनसारखी कर्करोगास कारणीभूत ठरणारी संयुगे असतात. मात्र आरोग्याच्या दृष्टीने सर्वाधिक काळजी सूक्ष्म कणांची करावी लागते. ज्यांना पीएम २.५ म्हणतात ते कण अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान असतात. माणसाचा केस साधारणपणे ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो, आणि लाकडाच्या धुरातील बहुतेक कण तर एक मायक्रोमीटरहूनही लहान असतात. नाक आणि घसा त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट वायुकोशांपर्यंत उतरतात, तिथे दाह निर्माण करतात आणि त्या दाहाचे परिणाम फुप्फुसांपुरते न राहता रक्तवाहिन्या व हृदयापर्यंत पोहोचतात. धुराच्या दिवसांत दमा उसळतो हे लोकांना ठाऊक असते. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोकाही वाढतो, हे मात्र फारसे ठाऊक नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक मर्यादेनुसार हवेतील पीएम २.५ चे प्रमाण वर्षाच्या सरासरीत ५ आणि चोवीस तासांच्या सरासरीत १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर याहून अधिक असू नये. याच संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातील लाकूड, कोळसा, शेण, रॉकेल आदी इंधनांच्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले आणि त्यांत दोन लाखांहून अधिक मृत्यू पाच वर्षांखालील बालकांचे होते. घरात जैविक इंधन, मुख्यतः लाकूड, जाळल्याने होणारा धूर हा माणसात बहुधा कर्करोग घडवणारा आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे वर्गीकरण आहे.

पूर्वीच्या माणसांविषयी एवढेच म्हणेन की जी माणसे दीर्घायुषी झाली ती आपल्या आठवणीत राहिली. ज्यांना जन्मभर खोकला होता त्यांचा खोकला वयाच्या खात्यावर जमा झाला, आणि जी बालके न्यूमोनियाने गेली त्यांच्या मृत्यूशी धुराचा संबंध कोणी जोडला नाही. गाड्या आणि कारखाने यांचे प्रदूषण कमी झालेच पाहिजे. परंतु कारखान्याची चिमणी उंच असते आणि वस्तीपासून बहुधा दूर असते, तर घरचा धूर माणसांच्या श्वासाच्या उंचीवर, माणसे घरात असतानाच सोडला जातो. टनांचा हिशोब केला तर तो कदाचित लहान दिसेल. फुप्फुसात किती जातो याचा हिशोब केला तर तो लहान राहत नाही.

प्रश्न : आमच्याकडे लाकडावर चालणारी शेगडी आहे आणि दुसरी सोय करणे सध्या शक्य नाही. धूर कमी करण्यासाठी आम्हाला काय करता येईल?

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले मनापासून आभार. आधी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. मेणबत्ती पेटवून थोडा वेळ जळू द्यावी, मग फुंकर मारून विझवावी. वातीतून पांढऱ्या धुराची एक बारीक रेघ वर निघते. त्या रेघेला वातीपासून बोटभर उंचीवर पेटलेली काडी लावली, तर ज्योत धुरातून खाली धावत येते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते. म्हणजे तो धूर जळलेल्या मेणाचा नव्हता, जळायचे राहून गेलेल्या मेणाचा होता. लाकडाचेही तसेच आहे. लाकूड तापले की त्यातून आधी वायू आणि डांबरासारख्या पदार्थांची वाफ बाहेर पडते. त्या वायूंना साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता आणि पुरेशी हवा मिळाली तर ते ज्योतीच्या रूपाने जळून जातात, न मिळाली तर धूर होऊन बाहेर पडतात. धुराड्यातून धूर जातो आहे याचा अर्थ आपण फोडून, वाहून, रचून ठेवलेल्या लाकडातील ऊबच बाहेर जाते आहे.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे लाकूड वाळलेले हवे. नुकत्याच तोडलेल्या ओल्या लाकडाचे जवळपास निम्मे वजन पाण्याचे असू शकते. अशा दहा किलो लाकडाबरोबर आपण पाच किलो पाणी शेगडीत घालत असतो. ते पाणी उकळून वाफ होण्यात लाकडातील उष्णतेचा बराच भाग तर खर्च होतोच, पण त्याहून मोठे नुकसान असे की विस्तव थंड पडतो आणि वायू जळण्याइतकी उष्णता तयारच होत नाही. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली असावा असा सर्वमान्य नियम आहे. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकले जाणारे जळाऊ लाकूड याहून ओले असेल तर ते विकण्यास बंदी आहे.

लाकूड वाळवणे म्हणजे ते नुसते ठेवून देणे नव्हे. ओंडका साल न काढता तसाच पडून राहिला तर आतून वर्षभरही ओला राहतो, कारण साल पाणी धरून ठेवते. तो आधी मनगटाएवढ्या किंवा थोड्या जाड फाळक्यांत फोडावा, जमिनीपासून उंचावर, फटी ठेवून रचावा, वरून झाकावा आणि बाजू मात्र मोकळ्या ठेवाव्यात. चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळली की लाकूड आतल्या आत घामेजते आणि त्याला बुरशी येते. एवढे करून किमान सहा महिने, आणि कठीण लाकूड असेल तर वर्ष किंवा त्याहून अधिक काळ थांबावे लागते. याचा अर्थ पुढच्या हिवाळ्याचे लाकूड या हिवाळ्यातच फोडून ठेवायला हवे. ओलावा मोजण्याचे लहान यंत्र मिळते. ते वापरताना फाळका नव्याने चिरावा आणि ताज्या पृष्ठभागावर मोजावे, कारण बाहेरची बाजू नेहमीच कोरडी भासते. यंत्र नसेल तर दोन फाळके एकमेकांवर आपटून पाहावेत. वाळलेले लाकूड खणखणते, ओले बद्द वाजते. ताजा चिरलेला भाग गालाला लावला आणि तो गार, दमट लागला, तर ते लाकूड अजून तयार झालेले नाही.

दुसरी गोष्ट पेटवण्याची. बहुतेक लोक खाली काटक्या आणि वर मोठी लाकडे रचतात. मग खालच्या आगीने वरची सगळी लाकडे एकदम तापतात आणि वायू सोडू लागतात, पण त्यांना जाळायला वर ज्योत नसते. याच्या उलट मोठी लाकडे खाली, त्यांवर मध्यम आणि सर्वांत वर बारीक काटक्या ठेवून वरून पेटवावे. आग हळूहळू खाली उतरते आणि खालून येणारा वायू ज्योतीतूनच वर जातो. सुरुवातीची काही मिनिटे सर्वांत धुराची असतात; या पद्धतीने नेमका तोच धूर बराच घटतो.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे, कारण ती सवयीच्या विरुद्ध जाते. रात्री झोपण्यापूर्वी शेगडी लाकडांनी भरायची आणि हवेचे दार जवळजवळ बंद करायचे, म्हणजे विस्तव सकाळपर्यंत टिकतो, ही पद्धत फार रूढ आहे. विस्तव टिकतो हे खरे, पण तो रात्रभर धुमसतो. सर्वाधिक धूर याच वेळी होतो आणि वरचे झाकणही याच वेळी सर्वांत खाली असते. त्यापेक्षा संध्याकाळी लहान पण तेज आग करावी, खोली आणि शेगडी नीट तापवून घ्यावी, आग आपोआप विझू द्यावी आणि उरलेली ऊब राखण्यासाठी दारे-खिडक्यांच्या फटी, छत आणि पांघरुणे यांकडे लक्ष द्यावे. घरातून उष्णता जाणे कमी झाले की लाकूडही कमी लागते. धुरावरचा हा सर्वांत कमी चर्चिला जाणारा उपाय आहे. मात्र शेगडी पेटलेली असताना तिला लागणारी हवा आत येण्याचा मार्ग बुजवू नये.

आपण योग्य करत आहोत की नाही हे पाहण्यासाठी आग पेटल्यावर वीस मिनिटांनी बाहेर जाऊन धुराड्याकडे पाहावे. वर फक्त हवा थरथरताना दिसली किंवा लगेच विरणारी पांढरी वाफ दिसली तर ठीक आहे. निळसर किंवा राखाडी धूर दिसत राहिला तर लाकूड ओले आहे किंवा हवा कमी पडते आहे. धुराडे वर्षातून निदान एकदा साफ करून घ्यावे. आत साचलेले डांबर पेट घेऊन घराला आग लागू शकते. रंग दिलेले, पॉलिश केलेले किंवा कीड लागू नये म्हणून रसायन पाजलेले लाकूड, प्लायवुड, प्लास्टिक आणि कचरा यांतले काहीही शेगडीत कधीच घालू नये. त्यांतून आर्सेनिक, डायॉक्सिन यांसारखी विषे बाहेर पडू शकतात आणि त्यांच्यावर वाळवण्याचा किंवा पेटवण्याचा कोणताही उपाय चालत नाही.

प्रश्न : धुराडे आणखी उंच केले तर प्रश्न सुटेल का?

उत्तर : आपल्या अंगणापुरता काहीसा सुटेल. धुराडे फार बुटके असेल किंवा शेजारच्या भिंतीच्या आडोशाला आले असेल तर ते योग्य उंचीचे करणे आवश्यकच आहे. परंतु उंचीमुळे धूर कमी होत नाही, केवळ पुढे सरकतो, आणि वारा पडलेल्या रात्री तो पुन्हा त्याच झाकणाखाली येतो.

प्रश्न : झोपताना आम्ही खोलीत निखारे ठेवतो. त्यांना धूर नसतो, त्यामुळे खिडकी बंद ठेवली तर चालते ना?

उत्तर : नाही. कृपया आजपासून हे थांबवावे. धगधगत्या निखाऱ्यांतून धूर येत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही त्याची लक्षणे जागेपणी कळतात. झोपेत ती कळतच नाहीत आणि माणूस झोपेतून उठत नाही. दरवर्षी थंडीत बंद खोल्यांत संपूर्ण कुटुंबे अशी दगावतात. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, हा समज या एका बाबतीत जीवघेणा आहे. ज्या घरात कोणतेही इंधन जळते त्या घरात कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसवावे, आणि एकाच खोलीतील दोघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर कारण शोधत न बसता सर्वांनी आधी बाहेर मोकळ्या हवेत यावे.

प्रश्न : माझ्या मुलीला दमा आहे. आम्ही लाकूड जाळत नाही, पण संध्याकाळ झाली की परिसरातील धूर घरात येतो. खिडक्या लावल्या तरी पांघरुणांना वास येतो. तिला कसे जपावे?

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. लहान मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा आत घेते, शिवाय त्याची फुप्फुसे अजून वाढत असतात. बंद खिडक्यांच्या फटींतूनही सूक्ष्म कणांचा मोठा वाटा आत येतो, तेव्हा आपल्याला येणारा वास हा भास नाही.

घर उघडे ठेवण्याची वेळ बदलावी. सकाळी लवकर खिडक्या उघडण्याची सवय हिवाळ्यात उलटी पडते. ऊन वर येऊन हवा हलू लागल्यावर, साधारणपणे दुपारच्या सुमारास, घर मोकळे करावे आणि सूर्यास्तापूर्वी बंद करावे. मुलीचे खेळ आणि धावणेही दुपारकडे न्यावे. शक्य असल्यास तिच्या झोपण्याच्या खोलीत हेपा गाळणी (सूक्ष्म कण अडवणारी दाट गाळणी) असलेले हवा शुद्ध करणारे यंत्र ठेवावे, मात्र ते खोलीच्या आकाराला पुरेसे असावे आणि ओझोन सोडणारे नसावे. सगळे घर स्वच्छ ठेवण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा ती रात्री जिथे आठ-दहा तास असते ती एक खोली नीट राखणे अधिक उपयोगी पडते. बाहेर जावे लागले तर कापडी मास्कचा उपयोग नाही. चेहऱ्याला नीट बसणारा एन ९५ मास्क कण अडवतो, वायू अडवत नाही. डॉक्टरांनी दिलेली नियमित औषधे बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत, आणि धुराच्या दिवसांत काय करायचे याची लेखी सूचना त्यांच्याकडून आधीच घेऊन ठेवावी.

हवा मोजण्याचे स्वस्त यंत्र आपण घेतले तर एक ध्यानात ठेवावे. दाट धुके असताना ते पाण्याचे थेंबही कण म्हणून मोजते आणि आकडा फुगवून दाखवते. एका आकड्यापेक्षा संध्याकाळनंतर तो कसा चढतो आणि दुपारी कसा उतरतो हे पाहणे अधिक बोलके असते.

प्रश्न : एकट्या घराने सुधारून काय होणार? याने लोकांचे आरोग्य खरोखर सुधारले, असे कुठे घडले आहे का?

उत्तर : घडले आहे, आणि त्याचे मोजमापही झाले आहे. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर लॉन्सेस्टन हे दरीत वसलेले शहर आहे. तिथे २००१ मध्ये लाकडी शेगड्या बदलून विजेवर चालणारी उपकरणे घेण्यासाठी लोकांना आर्थिक साहाय्य आणि माहिती देण्याची मोहीम सुरू झाली. लाकडी शेगड्या वापरणाऱ्या घरांचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आले. हिवाळ्यातील पीएम १० ची, म्हणजे दहा मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कणांची, सरासरी ४४ वरून २७ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरवर उतरली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिवाळ्यातील हृदयविकाराचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी आणि श्वसनविकाराचे सुमारे २८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. शहर लहान असल्याने या आकड्यांत अनिश्चितता आहे हे संशोधकांनीही नोंदवले, तरी त्याच बेटावरील, पण अशी मोहीम न झालेल्या होबार्ट शहरामध्ये तशी घट दिसली नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्याने निराळा मार्ग घेतला. तिथे २००३ पासून, हवा साचणार असा अंदाज असेल त्या दिवशी लाकूड जाळण्यास मनाई केली जाते. या नियमानंतर हिवाळ्यातील पीएम २.५ सुमारे १२ टक्क्यांनी कमी झाले आणि ६५ वर्षांवरील लोकांत हृदयाच्या रक्तपुरवठ्याशी संबंधित विकारांसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण १६ टक्क्यांनी घटले. सर्व दिवस सोडून मोजक्या, वाईट दिवसांवर नेम धरल्याचा हा लाभ आहे.

मात्र ज्याच्याकडे ऊब मिळवण्याचा दुसरा मार्ग नाही त्याला दंड करणे मला मान्य नाही. थंडीनेही माणसे मरतात. म्हणून अशा नियमांत ज्यांची एकमेव सोय लाकूड आहे त्यांना सूट हवी, आणि शेगडी बदलण्यासाठीच्या मदतीत पहिला वाटाही त्यांचाच असायला हवा. जिथे केवळ शोभेसाठी किंवा मौजेसाठी विस्तव पेटवला जातो, तिथे शांत रात्री तो न पेटवण्याची अपेक्षा ठेवण्यात काहीही गैर नाही.

प्रश्न : शेजाऱ्यांच्या धुराविषयी बोलायला गेले की भांडण होते. कसे बोलावे?

उत्तर : धूर येत असताना जाऊ नये. तेव्हा आपण त्रासलेले असतो आणि त्यांना आपण घर गार ठेवायला सांगायला आलो आहोत असे वाटते. दुपारी जावे, घरातील आजारी माणसाविषयी मोकळेपणाने सांगावे आणि लाकूड कुठे व कसे ठेवले आहे हे विचारावे. बऱ्याचदा ते उघड्यावर भिजत असते. तेव्हा झाकण्यासाठी ताडपत्री किंवा फोडण्यासाठी हात देऊ करावा. त्यांचे लाकूड वाचते आणि ऊब वाढते, हे त्यांच्या फायद्याचे आहे आणि ते तसेच सांगावे. सगळे एकदम मागू नये. पहिल्या भेटीत एवढीच विनंती पुरे की वारा पडलेल्या रात्री झोपताना शेगडी भरून तिची हवा बंद करू नये.